सर्वोपयोगी सॅकचे भरणपोषण

राजगडावरून संजीवनी माचीने उतरून तोरण्यावर चढायचं, मेंगाईच्या देवळात पाठ टेकायची, भट्टी-मोहरीमार्गे घाटमाथ्याच्या कडेला यायचं आणि सिंगापूरच्या नाळेने कोकणात उतरून रायगड गाठायचा, असा तीन-चार दिवसांचा बेत ज्यांनी पक्का केला आहे, त्यांनी प्रथम किल्ल्यांचा विचार सोडून द्यावा. किल्ले जागेवर आहेत. सॅक मात्र अजून रिकामी आहे.

सॅक लिटरमध्ये मोजतात. ६० लिटर हा आकडा क्षमता दाखवतो, असा काही मंडळींचा समज आहे. वस्तुतः तो आदेश आहे. ४५ लिटरांत मावणारं सामान ६० लिटरांच्या सॅकमधून नेलं, तर उरलेल्या १५ लिटरांचा अपमान होतो. तो होऊ नये म्हणून आई चिवड्याचा डबा घेऊन दारात उभी असतेच. भरलेली सॅक आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याहून जड नसावी, असं जुने भटके सांगतात. यावर उपाय सोपा आहे. आधी आपलं वजन वाढवावं.

दुकानात सॅक कागदाचे बोळे कोंबून टांगलेली असते, म्हणून रुबाबदार दिसते. पाठीवर घेऊन बघताना तीत दहा-बारा किलो वजन घालायला सांगणारं गिऱ्हाईक दुकानदाराला आवडत नाही. आपण सर्वांना आवडावं. रिकामी सॅक लावून आरशात एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून बघावं आणि रंगावर निर्णय घ्यावा. पाठीची लांबी मोजून घेणं शिंप्याकडे शोभतं.

आता पट्टे. १९६७ साली ग्रेग लोव या अमेरिकी गिर्यारोहकाने बाहेरची चौकट सॅकच्या पोटात घातली. आज आपल्याला जे पट्टे छातीवर, कमरेवर आणि खांद्यांमागे लोंबताना दिसतात, त्यांचा वंश बराचसा तिथवर जातो. यातला कंबरपट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर बसवला, आधी तो आवळला आणि मग खांद्याचे पट्टे ओढले, तर बहुतेक भार कमरेवाटे पायांवर जातो आणि खांदे मोकळे राहतात. पण खांदे मोकळे राहिले तर आपण दमलोय हे इतरांना कळणार कसं? म्हणून कंबरपट्टा सुटा सोडावा. एसटीत चढताना तो दाराजवळच्या दांड्यात अडकतो आणि कंडक्टरशी ओळख होते.

सॅकच्या मागच्या बाजूला खाली एक जाड फासा असतो. तो बर्फावरची कुऱ्हाड अडकवण्यासाठी. सह्याद्रीत बर्फ फक्त रसवंतीगृहात मिळत असल्याने त्यात ओले मोजे लटकवावेत. छातीच्या पट्ट्याच्या बकलात पुष्कळदा शिट्टी असते. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं आणि पुन्हा सहा, हा डोंगरातला मदतीचा जागतिक इशारा आहे. आपल्याकडे ती स्वारगेटलाच वाजवून संपवतात.

भरणाबद्दल शास्त्र असं की स्लीपिंग बॅग तळाला, जड वस्तू पाठीला चिकटून खांद्याच्या पात्यांच्या मध्ये, हलक्या बाहेरच्या अंगाला आणि वरचेवर लागणाऱ्या टोपणाच्या कप्प्यात. लोकमान्य पद्धत निराळी आहे: घरात जी वस्तू ज्या क्रमाने सापडेल त्या क्रमाने आत. त्यामुळे टॉर्च तळाशी जातो. पद्मावती माचीवर अंधार पडला की तो शोधण्यासाठी अख्खी सॅक उपसावी लागते आणि आपण कोणत्या कंपनीची बनियन घालतो हे सगळ्या ग्रुपला समजतं. पावसाचं कव्हर सॅकला बाहेरून झाकतं, पाठीवरून ओघळणारं पाणी ते अडवत नाही. म्हणून आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तीत सामान भरणारे लोक रात्री कोरडे झोपतात आणि इतरांचे शिव्याशाप घेतात. कव्हरचा खरा उपयोग कड्याच्या काठावर कळतो. तिथला वारा ते उचलतो आणि ते आपल्याआधी कोकणात पोचतं.

पण सॅकची सगळी विद्या पणाला लागते ती कॉमन सामानाच्या वाटपात. निघण्याच्या आदल्या रात्री लीडर तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, तेल, स्टोव्ह आणि टोप जमिनीवर मांडतो. या क्षणी नवखा माणूस आकारमान बघतो, टोप पोकळ आहे म्हणून पुढे होतो आणि फसतो. मुरलेला भटक्या त्यागी चेहऱ्याने कांदे-बटाटे मागून घेतो. पहिल्या रात्री रस्सा होतो, त्याची सॅक चार किलोंनी उतरते आणि दुसऱ्या दिवशी बुधला माचीकडे तो गाणी म्हणत चढतो. टोप संपत नाही. तो रायगडापर्यंत जातो, शिवाय रोज रात्री काजळी धरून सकाळी सॅकला आतून काळं फासतो. टोप वाट्याला आलाच, तर त्यात तांदूळ भरून घ्यावेत. नाहीतर आपण पोकळी वाहत नेतो. आणि पाणी कॉमन समजू नये. लिटरला एक किलो हा हिशेब कितीही बोचला, तरी राजगड-तोरणा धारेवर ज्याचं त्याने न्यावं. तिथे मैत्रीचे अंदाज चुकतात.

नाळ उतरण्याविषयी मात्र गंमत पुरे. पावसाळ्यात तिथे जाऊ नये. दगड आणि पाणी एकाच वाटेने येतात. कोरड्या दिवसांतही कॅरीमॅट सॅकखाली आडवी बांधली, तर अरुंद जागी दोन्ही टोकं कातळाला टेकतात आणि बसून उतरताना सॅक मागून ढकलते. मॅट उभी बांधावी, बाजूचे पट्टे आवळावेत, बाहेर काहीही लोंबू देऊ नये. हे न पाळणाऱ्यांना लीडर पुढे पाठवतो, म्हणजे त्यांच्या पायाखालून सुटलेले धोंडे कोणाच्या डोक्यात पडत नाहीत.

घरी आल्यावर सॅक मशीनमध्ये टाकू नये, आतला जलरोधक थर सुटतो. सावलीत वाळवून माळ्यावर ठेवावी. तिथे ती आठवडाभर टिकते. मग मावसभाऊ हिमालयात निघतो. सॅक खुशाल उसनी द्यावी. कंबरपट्टा कसा लावायचा तेवढं मात्र सांगू नये. ज्यांना सांगितलं, त्यांनी सॅक परत केल्याचं ऐकिवात नाही.