चार बाय आठचे शेतकरी

पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत शेती करायला जमीन लागत नाही. जमिनी होत्या तेव्हा त्यांचे गुंठे पाडून झाले, त्यावर आपल्यासारख्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि आता त्याच इमारतींच्या गच्चीवर आपण नर्सरीतून पोत्याने माती चढवतो आहोत. ही उलटी वाहतूक ज्यांना हास्यास्पद वाटते त्यांनी प्रस्तुत मार्गदर्शन वाचू नये. बाकीच्यांनी मेजरिंग टेप घ्यावी.

वाफ्याची रुंदी चार फूट. त्याहून जास्त नको, कारण हात दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूटच पोचतो, आणि मधली मेथी खुडायला वाफ्यात पाय टाकला की माती दबते. माती भुसभुशीत राहावी म्हणून तर गादीवाफ्याचा खटाटोप! कठड्याला चिकटून करायचा असेल तर दोनच फूट. लांबी हौसेप्रमाणे, हौस सहसा आठ फुटांपुढे टिकत नाही.

खोली ठरवण्यापूर्वी थोडे गणित. चार बाय आठ बाय एक फूट म्हणजे ३२ घनफूट. ओल्या मातीने भरले तर वजन दीड टनाच्या आसपास. म्हणजे चाकणला तयार होणारी एक बऱ्यापैकी मोटार आपण गच्चीवर कायमची उभी करतो आहोत, तीही पार्किंगचा वाद न घालता. लोक वावरतील अशा गच्चीवर चौरस मीटरला साधारण १५० किलो वापराचा भार धरावा, असे भारतीय मानक सांगते. फूटभर ओली माती पाचशे किलोच्या घरात जाते. त्यामुळे सोसायटीच्या सभेत ‘वाफा’ हा शब्द काढण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र खिशात असावे. ते नसेल तर खालच्या मजल्यावरच्या छताला पुढील दहा वर्षांत जी ओल येईल ती तुमच्या नावावर जमा होईल, मग तुमचा वाफा दुसऱ्या विंगमध्ये का असेना.

आता लाकूड. पॅलेट हे औद्योगिक पट्ट्याचे खरे वनोत्पादन. कंपन्यांत यंत्रांचे सुटे भाग त्यावर बसून येतात आणि पॅलेट भंगारात जाते. पूर्वी त्यासाठी कुदळवाडीत एक चक्कर मारली की काम होई. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली गोदामे आणि पत्राशेड जमीनदोस्त केल्यापासून चौकशी करत हिंडावे लागते. पॅलेट मिळाले की आधी ते उलटे करून त्यावरचा शिक्का शोधावा. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह असते आणि शेजारी दोन अक्षरे. ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांना ३० मिनिटे तापवलेले आहे, खुशाल न्या. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. त्यात कोथिंबीर लावू नये. शिक्काच नसेल तर भंगारवाला “साहेब, एक नंबर माल” म्हणेल. त्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या जबाबदारीवर लावावा. निळ्या ड्रमलाही हाच नियम. आत पूर्वी काय होते हे विकणाऱ्याला माहीत नसेल तर तुम्हालाही ते अन्नातून शोधायचे नाही.

वाफा निव्वळ मातीने भरणे हा अपराध आहे, पाठीविरुद्ध आणि स्लॅबविरुद्ध. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर रसवंतीवरची उसाची चिपाडे (रसवंतीवाला फुकट देतो, वर आभार मानतो), मग पालापाचोळा, शेणखत, कोकोपीट आणि सगळ्यात शेवटी माती. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. कुजलेल्या पाल्यातून कसदार माती घरच्या घरी तयार होते, हे त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून सामान्य माणसांकडून करवून घेतले. आपल्याकडे पाला झाडून तो कोपऱ्यात पेटवण्याची परंपरा अधिक जुनी आहे, त्यामुळे सफाईवाल्या मावशींशी आधी बोलून ठेवावे.

या टप्प्यावर आप्पा येतात. प्रत्येक इमारतीत एक आप्पा असतात. इमारत त्यांच्याच वावरात उभी आहे आणि बिल्डरने दिलेले दोन फ्लॅट त्यांच्याकडे आहेत. ते हात मागे बांधून वाफ्याभोवती एक फेरी मारतात आणि विचारतात, “गव्हाण केली व्हय? म्हैस कधी आणताय?” उत्तर देऊ नये. धने अख्खेच पेरत असाल तर ते चपलेखाली रगडून दोन फाके करायला सांगतील, मुकाट्याने रगडावेत. मिरचीवर पिठ्या ढेकूण दिसला की तुम्ही मोबाइल काढाल, ते निंबोळी अर्क सांगतील. दोन्हीकडून उत्तर तेच येते, आप्पांचे लवकर येते.

पाण्याविषयी. शहरात नोव्हेंबर २०१९ पासून नळाला दिवसाआड पाणी आहे; मेथीला हे कोणी कळवलेले नाही. आरओचे वाया जाणारे पाणी फुकट म्हणून रोज ओतू नये, त्यात क्षार एकवटलेले असतात. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी उत्तम. टँकरच्या पाण्याने पालक वाढवल्यास जुडीचा खर्च घरात सांगू नये.

दिवाळीत गावी जाताना पाण्याची जबाबदारी आप्पांवर द्यावी. निम्म्या वाट्याने ते तयार होतात. मात्र तोंडी व्यवहार टाळावा. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन ज्यांच्या ओट्यावर वर्षानुवर्षे चघळला गेला, अशा माणसाशी गाठ आहे. गच्चीला सातबारा नाही, एवढाच काय तो तुमचा आधार. परत याल तेव्हा तण काढलेले असेल, वांग्याला आधाराच्या काठ्या लागलेल्या असतील आणि फेब्रुवारीत इथे गवार लावायची हे ठरलेले असेल. गवार लावावी.