कॅशबॅककाका

ग्वाल्हेरच्या माधवगंजात डिलिव्हरीची पोरं काकांचा पत्ता विचारत नाहीत. 'कॅशबॅकवाले अंकल' म्हटलं की पानवालाही गल्ली दाखवतो.

लोक त्यांना कंजूष म्हणतात, ते चूक. कंजूष माणूस वस्तू घेतच नाही. काका सपाटून घेतात; फक्त खर्च झाला हे त्यांना कबूल नसतं. त्यांच्या वहीत 'खर्च' हा रकानाच नाही, 'वाचवले' एवढाच आहे. डिलिव्हरीचे ४० रुपये वाचावेत म्हणून त्यांनी २१० रुपयांचं लिंबू पिळायचं यंत्र मागवलं आणि वहीत ४० मांडले. अशी यंत्रं घरात आता चार झाली. काकूंनी एकदाच विचारलं, "अहो, इतके वाचले, ते ठेवलेत कुठे?" दोन दिवस अबोला होता.

प्रिंटरची कथा तर अख्ख्या गल्लीला पाठ आहे. त्यावर १,८०० रुपये परत मिळणार होते. खोक्यावरचा बारकोड कापायचा, बिलाची नक्कल आणि रद्द केलेला चेक जोडायचा, सगळं महिन्याच्या आत टपालाने धाडायचं. माणूस कंटाळा करील, या भरवशावरच असल्या योजना आखलेल्या असतात. पण काका कंटाळत नाहीत! बाड्यावरच्या मोठ्या पोस्टात स्वतः गेले, पावती घेतली, पावतीची झेरॉक्स काढली. घरी आले तर प्रिंटर कागद गिळून बसलेला. परत द्यायला फोन केला, तेव्हा कळलं की खोकं अखंड पाहिजे, बारकोडासकट.

पुढे १,८०० आले, पण कूपनाच्या रूपात. ४,९९९ च्या वर खरेदी केली तरच लागू, मुदत महिनाअखेर. काकांनी दुसरा प्रिंटर घेतला. छापायला मात्र अजून चौराह्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडेच जातात. शाई महाग आहे म्हणे.

मोटारीचा मामला वेगळा. माधवराव महाराजांनी १९०५ साली सुरू केलेल्या आमच्या मेल्यात जनावरांपासून स्वेटरांपर्यंत सगळं विकलं गेलं, पण हल्ली गर्दी खेचतो तो रोड टॅक्स. सरकारचा आदेश निघाला की मेल्यातून घेऊन इथल्याच आरटीओत नोंदवलेल्या गाडीवर निम्मा टॅक्स माफ. आदेश लांबला की गिऱ्हाईक हात आखडून बसतं. काका तर आदेश निघाल्यावरही बसून राहतात. कारण तोवर बँकेची ऑफर संपलेली असते, किंवा हवा तो रंग सवलतीत नसतो.

यंदाही ते ई-रिक्षाने परतले, हातात मेल्यातला ताटाएवढा पापड. आल्या आल्या वही उघडली आणि टॅक्सची रक्कम मांडली. निम्मी नव्हे, पूर्ण.

"गाडी घेतलीच नाही ना," ते म्हणाले, "मग पूर्णच वाचला. पेट्रोल वेगळं."

काकू पापड मोडत म्हणाल्या, "मग दोन गाड्या नका घेऊ."

काकांनी आकडा खोडला आणि दुप्पट करून लिहिला.