कडकवाल्यांनो, चव सांगा!

कोणती बिअर आवडते, असं आमच्या कर्जतच्या दहिवलीत कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं: ‘स्ट्राँग.’ का बरं? ‘चढते.’ विषय संपला. बिरड्यात खोबरं कमी पडलं का, बाजारात आलेली मांदेली आजची की कालची, नवा तांदूळ शिजल्यावर मोकळा होतो की चिकटतो, यावर तासभर वाद घालणारी ही माणसं बिअरची बाटली हातात आली की मुकी होतात. मला याचा राग येतो.

हिशेब एकदा मांडूनच टाकू. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर साधी, म्हणजे दुकानात आपण जिला माइल्ड म्हणतो ती. त्यावर ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. बाटली ६५० मिलीची. ८ टक्के धरले तर तिच्यात निव्वळ अल्कोहोल ५२ मिली. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगात ते असतं साधारण २६ मिली. म्हणजे एक स्ट्राँग बाटली आणि दोन लार्ज पेग यांत काडीचा फरक नाही. दोन बाटल्या रिचवून ‘बिअरच तर घेतलीय’ म्हणत चौक गावाच्या रस्त्याला बाइक काढणारा गडी चार लार्ज पेग पोटात घेऊन निघालेला असतो. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची. ती त्याने केव्हाच ओलांडलेली असते, आणि वळणावर समोरून येणाऱ्याने थेंबही घेतलेला नसतो.

दिवसभर राबून दोनशे रुपयांत काय ते बसवायचं, असं ज्याचं गणित आहे त्याला मी काही बोलणार नाही. साध्या आणि कडक बाटलीच्या किमतीत फारसं अंतर नाही, मग तो कडक उचलणारच. पण शनिवारी मुंबईहून पंधरा-वीस लाखांच्या गाडीतून उतरून फार्महाऊसवर जाणारेही तेच मागतात आणि वर माइल्ड घेणाऱ्याला ‘पाणी पितोस का?’ म्हणून हसतात. पैसे आहेत, वेळ आहे, समोर डोंगर आहे, आणि जिभेला कामच नाही!

‘एकदम चिल्ड दे’ हा यांचा दुसरा मंत्र. गारेगार पेयाने जीभ बधिर होते, मग त्यात काय आहे आणि काय नाही ते कळत नाही. साधी परीक्षा सांगतो. शेवटचा अर्धा ग्लास दहा मिनिटं तसाच ठेवा आणि मग एक घोट घ्या. चांगली लागर बिअर थोडी कोमट झाली तरी धान्याची चव देते, मागे हलका कडवटपणा ठेवते. कडक बाटलीतून तेव्हा वर येतो तो चिकट गोडवा आणि घशाला लागणारं कच्चं अल्कोहोल.

दुकानदारांनाही सोडत नाही. एप्रिलच्या उन्हात पेट्या ओट्यावर रचून ठेवायच्या आणि संध्याकाळी त्यातल्याच बाटल्या फ्रिजमध्ये सरकवायच्या, हा काय प्रकार? बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्समधली द्रव्यं उजेडाने बिघडतात आणि कुबट, गंधकी वास येतो. तपकिरी काच बराच उजेड अडवते, हिरवी फारच कमी, पांढरी जवळपास नाहीच. उकाड्याने बिअर शिळी होते ते वेगळंच. लेबलावर भरल्याची तारीख छापलेली असते. ती वाचून बाटली परत करणारं गिऱ्हाईक मला अजून दिसायचं आहे. रायगडात ताडी पिणारा मात्र आधी विचारतो, झाडावरून कधी उतरवली? सकाळची गोड लागते, ऊन चढेल तशी आंबत जाते, हे त्याला ठाऊक असतं. तोच माणूस बाटलीपुढे आंधळा का होतो?

आणि ‘माइल्ड कडू लागते’ ही तक्रार तर रायगडकराने करूच नये. कडव्या वालावर वाढलेली जीभ आपली! थंडीत शेतावर पोपटी लागते तेव्हा बघा. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधे मसाला लावलेलं चिकन, अंडी, आणि तोंडाशी पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उलटं करून भोवती जाळ घालायचा. फोडल्यावर त्या पाल्याचा जो उग्र वास शेंगांना लागलेला असतो, त्याच्यासोबत साडेचार-पाच टक्क्यांची, बेताची गार लागर घ्या. तिचा कडवटपणा चिकनचं तेल जिभेवरून उतरवतो आणि पुढची शेंग पुन्हा नवी लागते. कडक बिअरने दुसऱ्या ग्लासातच शेंग आणि साल सारखी वाटायला लागते.

माझी आवड विचाराल तर ही लागर पहिली. दुसरी गव्हाची बिअर. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये यीस्टमुळेच केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. बेल्जियन पद्धतीत चक्क धने आणि संत्र्याची साल पडते. धने! आपल्या फोडणीच्या डब्याशेजारची वस्तू. ‘डूलाली’ने पुण्यात २००९ साली देशातल्या पहिल्या मायक्रोब्रूअरींपैकी एक सुरू केली तेव्हापासून या चवी महाराष्ट्रात मिळतात. ‘गेटवे’ कंपनीची बिअर तर आपल्याच लोकलच्या मार्गावर, डोंबिवलीत बनू लागली. दहिवलीच्या फ्रिजमध्ये मात्र एका कडकशेजारी दुसरी कडक, कारण आपण दुसरं काही मागतच नाही.

मागा. दुकानात शिरताना ‘ताजी माइल्ड आहे का, आतली दे’ एवढं म्हणा. चार जणांनी चार शनिवार म्हटलं की दुकानदार एक पेटी आणेल, त्याला धंदाच करायचा आहे.

माझी मागणी त्याहून मोठी आहे. भारतातल्या बहुतेक लागरमध्ये बार्लीच्या जोडीला तांदूळ पडतो. त्याने बिअर हलकी आणि स्वच्छ लागते. आपल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेल्या ‘कर्जत’ नावाच्या जाती कोकणभर शेतात उभ्या आहेत. त्या तांदळाची, साडेचार टक्क्यांची, तपकिरी बाटलीतली लागर कुणीतरी काढावी. पहिली पेटी मी घेईन, रोख.