दाबा एफ वन

सोमवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर सुरू झाला नाही. पाच मिनिटांत कार्यकारिणी गोळा झाली आणि पहिला प्रश्न विचारला गेला. तो ‘काय झालंय’ असा नव्हता. ‘काल शेवटी कोण बसलं होतं’ असा होता.

आपल्याकडे बिघाड शोधायची हीच रीत. आधी आरोपी धरायचा, गुन्हा मागाहून ठरवता येतो. शेवटी बसले होते खजिनदार. त्यांनी तत्काळ व्हायरसचं नाव सांगितलं. व्हायरसचं एक बरं असतं, त्याला समितीपुढे खुलासा द्यायला बोलावता येत नाही.

मुळात ‘सुरू झाला नाही’ हेच खोटं होतं. पंखा फिरत होता, डब्यावरचा दिवा लागला होता आणि मॉनिटरवर काळ्या पाटीवर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या तीन ओळी होत्या. सात माणसं त्या ओळींकडे टक लावून बघत होती आणि एकाने त्या वाचल्या असतील तर शपथ. त्यातले दोघे निवृत्त बँक अधिकारी, एक कॉलेजात इंग्रजी शिकवणारा. पेशंटने ‘पोट दुखतंय’ असं कागदावर लिहून दिलंय आणि घरचे तो कागद बाजूला सारून मीठमोहऱ्या शोधतायत, असं ते दृश्य.

तसं हे यंत्र आपल्यापेक्षा बरंच प्रामाणिक. बटण दाबलं की विंडोजला हाक मारण्याआधी ते स्वतःची झडती घेतं. प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, पडद्यावर चित्र काढणारा भाग जागेवर आहे का. या तपासणीला ‘पोस्ट’ म्हणतात. सगळं नीट असेल तर जुन्या यंत्रातून एकच छोटी ‘टिट’ यायची. नसेल तर लांब-आखूड टिटांची गाऱ्हाणी. त्यांचे अर्थ मदरबोर्ड बनवणाऱ्यागणिक वेगळे, हे मान्य. नव्या बोर्डांवर बऱ्याचदा टिट नसतेच, चार बारके दिवे असतात. जो दिवा लागून राहील तिथे दुखणं. रोज सकाळी कामाला लागण्याआधी स्वतःत काय कमी आहे ते तपासून जाहीर करणारा आमच्या कार्यकारिणीत तो एकटाच सभासद, आणि त्याला मताचा अधिकार नाही.

मग उपचार सुरू झाले. सहसचिवांनी मागच्या सगळ्या वायरी काढून पुन्हा खोचल्या. हे तसं शहाणपणाचं काम. निम्मे ‘बंद पडलेले’ कॉम्प्युटर खरं म्हणजे सैल पिनेचे असतात, किंवा मॉनिटरचंच बटण कोणाचा तरी धक्का लागून बंद झालेलं असतं. पण इथे पडद्यावर अक्षरं उमटत असताना पडद्याची वायर तपासणं म्हणजे माणूस बोलत असताना त्याची नाडी लागते का बघणं. अध्यक्षांनी डब्याला दोन थापट्या मारल्या. त्यांच्या घरी १९८४ पासून टीव्ही आहे, त्यामुळे अनुभव दांडगा.

खजिनदार मात्र बंद-चालू पंथाचे. बंद करा, चालू करा, बंद करा, चालू करा. हसू नका, थोरामोठ्यांनीही हेच केलंय. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष फाइल पाठवली आणि जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळा पडदा दाखवत बसली. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहायची वेळ आली. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या यंत्रांसाठी जो सल्ला दिला, त्यात काही ग्राहकांना पंधरा-पंधरा वेळा रीस्टार्ट करावं लागलं, असं नोंदवलेलं होतं. म्हणजे इतके इंजिनिअर, इतके पगार, आणि शेवटी आमच्या खजिनदारांचा उपाय! इतर ठिकाणी सेफ मोडमध्ये शिरून ती एक फाइल पुसावी लागली, तीही प्रत्येक यंत्रासमोर माणूस बसवून.

एक गोष्ट मात्र या पंथाच्या अनुयायांना सहसा माहीत नसते. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हटल्यावर यंत्र बहुधा पूर्ण बंद होतच नाही. उद्या लवकर उठता यावं म्हणून अर्धवट डुलकी घेतं आणि कालचं डोकं घेऊनच उठतं. सगळं विसरून नव्याने उठवायचं असेल तर ‘रीस्टार्ट’ म्हणावं लागतं. बंद करणं म्हणजे बंद नव्हे, हे सरकारी योजनांवरून आपल्या लक्षात यायला हवं होतं.

दुपारी तंत्रज्ञ आला. त्याने डबा उघडला, रॅमची पट्टी उपसली, खिशातून शाळकरी खोडरबर काढला आणि पट्टीचे सोनेरी दात घासले. या खोडरबराबद्दल मला मनापासून आदर आहे. दातांवर चढलेला मळ निघतो आणि पडदा काळाठिक्कर असलेले कित्येक कॉम्प्युटर त्याने उठतात. पण रॅम रुसली असती तर त्या तीन ओळीही आल्या नसत्या. पट्टी परत बसवली, बटण दाबलं, तीन ओळी हजर.

‘फॉरमॅट मारावं लागेल,’ तो म्हणाला.

विंडोज बिचारं अजून उठलंही नव्हतं. तक्रार त्याच्या आधीच्या पायरीवर अडली होती. कुलूप उघडत नाही म्हणून घरातलं फर्निचर बदलायचं, असा हा इलाज. कोणीतरी डेटाचं काय, असं विचारल्यावर त्याने निदान बदललं, ‘मग बोर्ड गेलाय.’ नवीन संच घ्यायचा, तीन कोटेशनं मागवायची, असं तिथेच ठरलं. कार्यकारिणीचे चेहरे उजळले. तीन कोटेशनं हा आमचा हातखंडा विषय आहे.

संध्याकाळी सचिवांनी पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुठे आहे हे विचारायला वॉचमन मामांना फोन लावला. मामा चार दिवस गावी गेले होते, भातलावणीला. बोलता बोलता कॉम्प्युटरचा विषय निघाला.

‘ते एफ वन मागतंय, साहेब,’ मामा म्हणाले. ‘दाबा. मग कालनिर्णय बघून तारीख घाला. एफ टेन दाबा आणि येस म्हणा.’

‘तुम्हाला कसं माहीत?’

‘आठ महिने मीच करतोय ना. सकाळी सातला खटका लावतो तेव्हा.’

‘अहो मामा, मग सांगायचं नाही का?’

‘सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मामा, कॉम्प्युटरला हात लावू नका.’

त्या तीन ओळींत नेमकं हेच लिहिलं होतं. तारीख-वेळ हरवली आहे, भरायची असेल तर एफ वन, तसंच पुढे जायचं असेल तर एफ टू. मदरबोर्डवर एक चपटा बटण-सेल असतो, क्रमांक २०३२. त्या आकड्याचा अर्थही सरळ आहे, व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. तीन व्होल्टचा हा सेल यंत्र बंद असताना घड्याळ चालतं ठेवतो. भिंतीवरचा खटका चालू असेल तर हे काम घरच्या विजेवर भागतं, सेलला सुट्टी. पण आमच्याकडे वीजबचतीचा ठराव आहे, रात्री मुख्य खटका बंद. सेल एकटा रात्रपाळी करत राहिला आणि संपला. तेव्हापासून कॉम्प्युटर रोज सकाळी आपलं वय विसरून उठतो आणि मामा त्याला सांगतात, आज अमुक तारीख.

सचिवांनी सूचना ऐकल्या आणि एफ टू दाबलं. एकापेक्षा दोन पुढचं, म्हणून. विंडोज उघडलं, टाळ्या पडल्या, तारीख १ जानेवारी २०१०. बँकेची वेबसाइट आत घेईना, कारण त्या दिवशी तिचं सुरक्षा प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नव्हतं. खजिनदारांनी बँकेला दोष दिला. थकबाकीच्या यादीत मात्र एकही नाव नव्हतं. कसं असेल? २०१० साली आमच्या इमारतीचा पायाही खणलेला नव्हता. तळमजल्यावरच्या एका सभासदाने ती यादी छापून घ्यावी, अशी सूचना मांडली.

बुधवारी मी कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडून सेल आणला आणि बसवला. काम दोन मिनिटांचं. व्हाउचर मंजूर होईपर्यंत मामा गावाहून परत आले.

गुरुवारी सकाळी सातला त्यांनी खटका लावला, बटण दाबलं आणि चहा आणायला गेले. येईपर्यंत विंडोज कोणाची वाट न बघता उघडून बसलं होतं. मामांनी सवयीने एफ वन दाबलं. आता ते बटण दुसऱ्याच खात्याचं. ब्राउझर उघडला आणि विंडोजमध्ये मदत कशी मिळवावी, याचं इंग्रजी पान समोर आलं. मामा कप हातात धरून बघत राहिले.

तेवढ्यात खजिनदार आले. दारातूनच त्यांनी पडदा पाहिला, वाचला नाही, आणि विचारलं, ‘काल शेवटी कोण बसलं होतं?’