ओळंब्यात न बसणारा आंबा

बंगल्याच्या आवारातलं दीड-दोन वर्षांचं आंब्याचं कलम एका अंगाला कललं, की त्याच्याभोवती जेवढी माणसं जमतात तेवढी त्याला पाणी घालायला कधीच जमलेली नसतात. कुणी काठी आणायला धावतं, कुणी सुतळी शोधतं, कुणी बुंध्याला वीट टेकवून बघा म्हणतं. जिन्याची एक पायरी अर्ध्या इंचानं चुकलेली असली तर आपण तिच्यासकट आयुष्य काढतो. बाथरूमचं पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येतं, तेही चालवून घेतो. पण आंबा जरासा झुकला की घराण्याची अब्रू गेल्यासारखे अस्वस्थ होतो. माझं म्हणणं असं, की कललेलं झाड सरळ करणं हे मुळात झाडाचंच काम आहे. ते त्याला आपल्यापेक्षा बरं जमतं, आणि आपण दोरी घेऊन मध्ये पडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या कामात खोडा घालतो.

आपण कललो आहोत हे झाडाला कळतं, त्यासाठी शेजाऱ्यांनी सांगावं लागत नाही. वाढत्या कोंबातल्या काही पेशींत स्टार्चचे जड कण असतात आणि ते तळाशी बसलेले असतात. खोड कललं की पेशीचा तळ बदलतो, कण घरंगळत नव्या तळाशी जातात, आणि त्यावरून झाडाला वर कुठं आणि खाली कुठं याचा पत्ता लागतो. मग वाढीचं संप्रेरक, ऑक्सिन, खालच्या अंगाला जास्त साठतं, ते अंग अधिक वाढतं आणि शेंडा वर वळतो. कोवळ्या शेंड्याचं हे असं भागतं; जून खोडाला एवढ्यानं भागत नाही. आंबा, पेरू, चिकू अशी रुंद पानांची झाडं कललेल्या खोडाच्या वरच्या अंगाला एक खास प्रकारचं लाकूड तयार करतात. त्यातले तंतू आखडतात आणि खोडाला वरून ओढून धरतात. देवदार आणि पाइनच्या घराण्यात याच्या उलट रीत: तिथं खालच्या अंगाला लाकूड भरतं आणि खोडाला खालून रेटा देतं. म्हणजे दोर आणि टेकू दोन्हींची सोय झाडांच्या दुनियेत घरचीच आहे, तरी आपण दोन्ही हार्डवेअरच्या दुकानातून आणतो. या कामाला वेळ लागतो, हे खरं. शेंडा आधी सरळ होतो, बुंधा मागून, आणि पुष्कळदा बुंध्याशी थोडा बाक कायमचा राहून जातो. पण बुंध्याला बाक आहे म्हणून हापूस आंबट निघाला, अशी तक्रार बाजारात अजून तरी कुणी नेलेली नाही.

यावर काठीवाल्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: आधार दिला तर बिघडतं काय? बिघडतं. इंग्लंडमधल्या थॉमस अँड्र्यू नाइट या बागायती संशोधकानं १८०३ साली सफरचंदाच्या लहान झाडांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काही झाडं त्यानं जखडून टाकली, काही वाऱ्यावर डोलू दिली. डोलणाऱ्या झाडांचे बुंधे जाड झाले. एका झाडाला त्यानं फक्त उत्तर-दक्षिण हलण्याची मुभा दिली, तर ते खोड त्याच दिशेला अधिक भरलं. हलल्यामुळे, हात लागल्यामुळे झाडाच्या घडणीत होणाऱ्या या बदलाला वनस्पतिशास्त्रज्ञ मार्क जाफे यांनी १९७३ साली असं लांबलचक नाव दिलं, की ते इथं लिहिलं तर ही ओळच कलेल. मुद्दा एवढाच, की खोड वाऱ्याच्या धक्क्यांवर पोसलं जातं. घट्ट बांधलेलं झाड उंच होतं, किडकिडीत होतं, आणि काठी काढली की मान टाकतं. ते पाहून मालक म्हणतो, बघा, काठी हवीच होती!

शिवाय ती काठी. पावसाळ्यात कुंपणातली ओली फांदी तोडून रोवली आणि ती गिरिपुष्पाची किंवा शेवग्याची निघाली, तर महिन्याभरात तिला पालवी फुटते. आधार द्यायला आलेला पाहुणा यजमानाचं ऊन अडवून उभा राहतो, आणि शेवग्याला शेंगा धरल्या की घरात त्याला तोडा म्हणण्याची कुणाची छाती होत नाही. सुतळीचं दुखणं याहून वाईट. बांधताना चार माणसं हजर असतात. सोडायचं काम नेमकं कुणाचं, हे कधीच ठरलेलं नसतं. सुतळी निदान कुजते तरी. नायलॉनची दोरी कुजत नाही, खोड मात्र जाड होत जातं. वर्षभरानं पाहावं तर दोरी सालीत रुतलेली, तिच्या वरच्या बाजूला खोडाला फुगवटा आलेला, आणि पानांनी केलेलं अन्न सालीतून मुळांकडे जाण्याची वाट तिथंच आवळलेली. एवढं होऊन झाड दिसतं मात्र अगदी सरळ.

दुसरा आक्षेप वादळाचा असतो, आणि कोकणातल्या माणसानं तो घेतला तर हसण्यावारी नेता येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागांची दैना झाली. पण सुपारीपेक्षा सरळ झाड दुसरं दाखवा! ओळंबा तपासायला गवंड्यानं पोफळीपाशी यावं, इतकं सरळ. झाड वाऱ्यात टिकतं ते मुळांच्या पसाऱ्यावर, मातीच्या पकडीवर आणि खोडाच्या चिवटपणावर. सरळ उभं असणं ही वादळापुढे दाखवायची सनद नव्हे. किनाऱ्यावर समुद्राकडे झुकलेले माड पाहा. माडाला आंब्यासारखं खोडात नवं लाकूड भरता येत नाही, त्यामुळे खोडाचा झालेला बाक त्याला काढता येत नाही. तो फक्त शेंडा वर वळवतो आणि नारळ देत राहतो.

वाकडं झाड फळत नाही, असंही काही जण ठामपणे सांगतात. त्यांनी पेरूची बाग बघून यावी. तिथं चांगल्या सरळ वाढणाऱ्या फांद्या मुद्दाम खाली वाकवून दोरीनं बांधतात. शेंड्याचा वरचष्मा कमी झाला की वाकलेल्या भागावर डोळे फुटतात, आणि पेरूला फूल नव्या फुटीवरच येत असल्यामुळे फळही वाढतं. म्हणजे ज्याचं पोट बागेवर आहे तो सरळ फांदी वाकवतो, आणि ज्याचं पेन्शनवर आहे तो वाकडं झाड सरळ करतो.

तर मग हात बांधून बसायचं का? नाही. एक कलणं असं आहे की तिथं झाडाचा इलाज चालत नाही: खोड नव्हे, मुळांसकट मातीचा गड्डाच तिरका झालेला असतो. बुंध्याभोवती जमिनीला भेग दिसते, खोड हलवलं की माती उचलली जाते. पिशवीत गोल गोल फिरलेली मुळं तशीच लावली, किंवा खड्ड्यातली भर पहिल्या पावसात बसली, की असं होतं. इथं लगेच आणि माती ओली असतानाच उठावं. झाड ज्या बाजूला झुकलंय तिच्या उलट बाजूची, उचललेल्या मुळांखालची माती मोकळी करावी. खोड न ओढता गड्डा ढकलून बसवावा, आणि पायानं माती दाबावी. मग वाऱ्याच्या बाजूला सुकलेला बांबू रोवून सायकलची जुनी ट्यूब आठाच्या आकड्यात, झाड थोडं डोलेल इतकी सैल बांधावी आणि एका हंगामानंतर सोडावी. नव्या कलमाचा जोड कच्चा असतो, त्यालाही पहिल्या वर्षी असा आधार रास्त आहे. फक्त जोडावरची प्लास्टिकची पट्टी वेळेवर काढायची, आणि खुंटाचे फुटवेही.

उरलं उजेडासाठी कलणं. आंब्याच्या दोन कलमांत दहा मीटर अंतर ठेवण्याची जुनी शिफारस आहे. आपण ते कलम कंपाउंडच्या भिंतीपासून दोन फुटांवर, गॅलरीच्या सावलीत लावतो आणि ते उन्हाकडे निघालं की त्याला वळण नाही म्हणतो. अशा झाडाला बांधून काहीच साधत नाही, दोरी सुटली की ते पुन्हा उजेडाकडेच जाणार. सावली धरणारी फांदी छाटता आली तर छाटावी, नाहीतर झाडाचं ऐकावं. अपवाद एकच: उजेड शेजाऱ्यांच्या आवारात असेल तर काय तो निर्णय पहिला मोहर यायच्या आत घ्यावा. एकदा कैऱ्या तिकडे लोंबू लागल्या, की शेजारी तुम्हाला शपथेवर सांगतील, झाड अगदी सरळ आहे, उगाच हात लावू नका.