नव्या विभागप्रमुखांचे जाहीर अभिनंदन, सहानुभूतीसह

मा. नवनियुक्त विद्यापीठ विभागप्रमुख यांस,


सेवाज्येष्ठतेच्या यादीत आपला क्रमांक लागल्याबद्दल अभिनंदन. कर्तृत्वाचा यात फारसा संबंध नसतो, पण पुष्पगुच्छावर तसे कोणी लिहीत नाही. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर चहा पिता पिता आपण विभागप्रमुखांना नावे ठेवलीत, ते आजपासून आपल्याला पाहून विषय बदलतील. मनाला लावून घेऊ नका. या पदाकडे नाराजी ओढवून घेण्याचे काम पूर्ण दिले आहे, ती दूर करण्याचे अधिकार तेवढे वर ठेवून घेतले आहेत. रिकाम्या जागा भरायला शासनाची मान्यता लागते आणि तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांचे मानधन वित्त विभागाच्या टेबलावर अडते. पण महिनोन्‌महिने पैसे न मिळालेला तरुण अध्यापक वित्त विभागात जात नाही. तो आपल्या दारात उभा राहतो, कारण बिलावर सही आपली असते. त्याला द्यायला आपल्याकडे एक खुर्ची असते आणि ‘पाठपुरावा चालू आहे’ हे वाक्य.

‘पाळीपाळीने येणारे पद, तीन वर्षांचाच तर प्रश्न!’ असे हितचिंतक म्हणतील. दुखणे नेमके तिथेच आहे. शनिवारचा शेवटचा तास ज्याच्या गळ्यात माराल, ज्याच्या पदोन्नतीच्या फायलीत त्रुटी काढाल, तोच पुढच्या पाळीत आपल्या रजेच्या अर्जावर बसणार. त्यामुळे खरे बोलण्यापेक्षा सांभाळून घेण्याकडे कल वाढतो, आणि त्याची टोचणी घरी न्यावी लागते. खुर्ची निवृत्तीपर्यंत न सोडणाऱ्या विभागप्रमुखांची सरंजामशाही याहून वाईट होती, हे मान्य. म्हणून पाळी मोडा असे कोणी म्हणणार नाही. तिचा मानसिक खर्च कुठेतरी धरा, एवढेच म्हणणे आहे. आज हिशेबात येतो तो फक्त वेळ: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकाला आठवड्याला १४ तास अध्यापन आहे आणि प्रशासन सांभाळणाऱ्याला त्यातले दोन तास त्या कामासाठी वापरता येतात. नॅकची माहिती, वेळापत्रकावरचे रुसवेफुगवे, मार्गदर्शकाशी बिनसलेले पीएचडीचे विद्यार्थी, सगळे त्या दोन तासांत उरकायचे. स्वतःचे संशोधन अर्थातच रविवारी.

तेव्हा दोन विनंत्या. तास वाटपाचे आणि रजेचे नियम पहिल्याच बैठकीत लेखी मंजूर करून घ्या, म्हणजे निदान थोडी नाराजी कागदावर जाईल. आणि डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे विभागातल्या सामानाची नोंदवही, प्रत्यक्ष ताडून पाहिल्याशिवाय पदभाराच्या कागदावर सही करू नका.

आपला,
यादीतला पुढचा