बॉल त्यालेच काहून देला?

एडिसन, न्यू जर्सी
10 नोव्हेंबर 2024

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,


त्या दिवशी फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा तुम्ही आईला म्हणालात ते मला ऐकू आलं, "याच्याकडं कोनी गेलं वाटते." कोणी गेलं नाही. बेसबॉलची मॅच गेली. तुमच्याकडे 26 ऑक्टोबरचे सकाळचे नऊ वाजले होते, तुम्ही सोयाबीनचा भाव सांगत होतात. आमच्याकडे 25 तारखेची रात्र संपत आली होती आणि लॉस एंजेलिसच्या फ्रेडी फ्रीमननं मारलेला बॉल त्यांच्याच प्रेक्षकांत जाऊन पडत होता. हमीभाव 4892 आणि व्यापारी मागतो त्याच्या कितीतरी खाली, हे माझ्या कानावर पडलं, डोक्यात शिरलं नाही.

तुम्हाला क्रिकेट कळतं, म्हणून तिथूनच सांगतो. बुमराहला दोन ओव्हर टाकायला लावून बाजूला करता येतं आणि शेवटी पुन्हा आणता येतं. बेसबॉलमध्ये एकदा काढलेला बॉलर त्या दिवसापुरता संपला. त्यामुळे मैदानाच्या कडेला बुलपेन नावाची एक कुंपण घातलेली जागा असते. तिथे सात-आठ राखीव बॉलर सूर्यफुलाच्या बिया चघळत बसलेले असतात. भिंतीवर साधा वायरचा फोन. मॅनेजरनं तो वाजवला की एकजण उठून हात गरम करायला लागतो. कोणाला कधी उठवायचं, यावर मॅनेजरची अब्रू टिकून असते.

आमच्या यँकीजचे मॅनेजर ॲरन बून. वर्ल्ड सिरीजची, म्हणजे बेसबॉलच्या फायनलची, पहिलीच मॅच, दहावी इनिंग, आम्ही 3-2 नं पुढे. दोन आउट हवेत. समोरचे दोघं बेसवर आणि बॅट हातात घेऊन उभा शोहेई ओहतानी, वर्षभरात 54 होमरन, म्हणजे आपले सिक्सरच, ठोकलेला डावखुरा. बुलपेनमध्ये दोन डावखुरे बॉलर तयार. टिम हिल ऑक्टोबरभर टाकत होता. नेस्टर कोर्टेस कोपर दुखावल्यामुळे 18 सप्टेंबरनंतर एकाही मॅचमध्ये उतरला नव्हता.

बूनसाहेबांनी कोर्टेसला बोलावलं.

मी ओरडलो. सूनबाई म्हणाली, हळू, खालचे लोक झोपलेत. तेवढ्यात कोर्टेसच्या पहिल्याच बॉलवर ओहतानीचा झेल उडाला, आमच्या व्हर्डूगोनं पळत जाऊन तो धरला आणि कठड्यावरून प्रेक्षकांत कोलमडला. तुमचा नातू सोफ्यावर नाचला. सूनबाईनं माझ्याकडे असं पाहिलं, की पुढची दोन मिनिटं मी बूनसाहेबांचा भक्त होतो. पण फिल्डर झेलासकट प्रेक्षकांत गेला की बेसवरचे गडी नियमानं एकेक बेस पुढे सरकतात. मग मूकी बेट्स उजवा म्हणून त्याला बॉल न टाकताच, नुसता इशारा करून पहिल्या बेसवर पाठवलं. तिन्ही बेस भरले. आला फ्रीमन, डावखुरा, घोटा मुरगळलेला. कोर्टेसचा त्या रात्रीचा दुसरा बॉल, आणि खेळ खलास. 6-3. वर्ल्ड सिरीज 1903 पासून चालू आहे. भरल्या बेसवर असा मॅच संपवणारा होमरन कोणी मारला नव्हता. तो आमच्याच वाट्याला आला.

मला जास्त राग कशाचा आला सांगू? निर्णय धड मूर्खपणाचाही नव्हता. डावखुऱ्याला डावखुरा, हे वहीप्रमाणे बरोबर. निम्मं काम झालंही होतं. त्यामुळे शिवीसुद्धा मनापासून देता येत नाही. फक्त त्या वहीत वर्षभराचा हिशेब असतो. महिन्याहून जास्त दिवस न वापरलेला हात आज कसा चालेल, याचा रकाना नसतो. तुम्ही ऐकून एवढंच म्हणालात, "मंग त्यालेच काहून देला?" न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्रांनी यावर पानंच्या पानं खर्च केली, बाबा. आईनं विचारलं, "किती रुपये बुडाले त्याचे?" पैसे लावले नव्हते, हे तिला अजून पटलेलं नाही.

पुढचं लांबवत नाही. 30 तारखेच्या पाचव्या मॅचमध्ये आम्ही 5-0 नं पुढे होतो आणि 7-6 नं हरलो. तिथे सुरुवात बुलपेननं नाही केली, सोडलेल्या झेलानं केली. सिरीज गेली.

नातू विचारतो, बाबा, मग आपण पुढच्या वर्षी का बघायचं? त्याला मी भेंडवळची घटमांडणी सांगितली. अक्षय तृतीयेला वावरात अठरा धान्यं मांडायची, पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर घागर, आणि पहाटे जाऊन बघायचं काय हललं. घटात पाऊस चांगला निघाला आणि आभाळानं दडी मारली, तरी आजोबा पुढच्या वर्षी पहाटे हजर असतातच ना? तो म्हणाला, म्हणजे आजोबापण यँकीज फॅन आहेत.

ताजी बातमी अशी, की बूनसाहेबांचा करार क्लबनं पुढच्या वर्षासाठी कायम ठेवला. तिकीट कापलं नाही. तुमच्याकडे 20 तारखेला मतदान आहे, त्यात मी लांबून काय बोलणार! पण पाच वर्षांत गावात न फिरकलेला कोणी हात जोडत दारात आला, तर चहा पाजा आणि एवढंच विचारा, भाऊ, शेवटचा बॉल कधी टाकला होता?

तुमचा,
लहाना